पसंतीक्रम मुलांच्या हातानं लिहू द्या

विट्याच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर माझं ऑनलाइन फॉर्मचं सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक झेरॉक्स मशीन. वर्षभर उत्पन्नाचे दाखले, पॅनकार्ड, पीक विमा असं काही ना काही चालू असतं आणि जून संपत आला की बारावीची पोरं यायला लागतात. चौदा वर्षं मी इंजिनिअरिंग प्रवेशाचे फॉर्म भरतेय. माझ्या थोरलीचाही मीच भरला. त्यामुळं पुढं लिहिलंय ते सगळं त्या खुर्चीवर बसून बघितलेलं आहे.

वडील समोर बसतात आणि खिशातून घडी घातलेला कागद काढतात, कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाचा. तो कागद साडूनं दिलेला असतो, क्लासच्या सरांनी दिलेला असतो, नाहीतर पुण्यातल्या भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला असतो. "ताई, घ्या लिहून. पहिलं हे, दुसरं हे." मुलगा मागं दाराशी उभा. मी मान वळवून विचारते, "बाळा, तुला काय पाहिजे?" तो म्हणतो, "पप्पा सांगतील ते." चार वर्षं त्या वर्गात त्याला बसायचंय, एम-वनचा, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताचा, पेपर त्याला द्यायचाय, मेसची आमटी त्याला खायचीय, आणि त्या कागदावर त्याचा एक शब्द नसतो.

तीन वर्षांपासून मी एक नियम पाळतेय. पसंतीक्रमाचा कागद मुलाच्या किंवा मुलीच्या अक्षरात असेल तरच मी तो भरते. नसेल तर घरी जाऊन लिहून आणा म्हणते. काहीजण रागानं उठून जातात, पण बहुतेक परत येतात, आणि दुसऱ्या खेपेला मुलगा पुढं बसलेला असतो. तो कागद तयार कसा करायचा, त्यात आईवडिलांचं काम कुठलं आणि मुलांचं कुठलं, ते सांगते. उदाहरण इंजिनिअरिंगचं घेतलंय कारण माझ्याकडं तेच जास्त येतं.

कागदपत्रं अकरावीतच

कॉलेज मुलानं निवडावं, पण त्याला निवडता यावं म्हणून दाखले आपण जमवायचे. हे काम बारावीच्या निकालानंतर सुरू केलं की उशीर झालेला असतो.

सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात पडताळणी. ओबीसींना 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 1961 च्या आणि अनुसूचित जातींना 1950 च्या आधीचा. पणजोबांच्या नावची नोंद शोधायला गावच्या मराठी शाळेत जावं लागतं, तिथलं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं असतं, कधी नोंद मोडीत निघते आणि मग मोडी वाचणारं माणूस शोधा. मुलानं अकरावी सायन्सला प्रवेश घेतला की त्याच वर्षी समितीकडं अर्ज करून टाका. माझ्याकडं एक मुलगी आली होती. पर्सेंटाइल चांगला, पडताळणीच्या अर्जाची पावती हातात. पावतीवर फॉर्म भरता आला, पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही आणि ती आरक्षणाच्या यादीतून खुल्या यादीत गेली. जिथं सहज प्रवेश मिळाला असता ते कॉलेज हुकलं. अभ्यासात तिनं काही कमी केलं नव्हतं. मला आजही ती पावती डोळ्यांपुढं दिसते.

नॉन-क्रिमीलेअरवर 31 मार्चची तारीख असते, ती पुढच्या वर्षीची आहे ना ते बघा. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचा, दाखला राज्याच्या नमुन्यातला काढा. केंद्राच्या नमुन्यातला घेऊन येणारे दरवर्षी दोघंतिघं असतात. डोमिसाइल, म्हणजे रहिवासाचा दाखला, काढून ठेवा. नावातलं 'ई' आणि 'वाय', जन्मतारीख, आईचं नाव हे सगळ्या कागदांवर एकसारखं आहे का ते एका संध्याकाळी घरात चटईवर सगळे कागद पसरून तपासा.

आमच्या तालुक्यातली पुष्कळ घरं गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी गाळायचं दुकान तिकडं, घर इकडं, आणि पोरांची दहावी-बारावी तिकडच्या शाळेत. अशा घरांनी नीट लक्ष द्यावं. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्या मुलाचा अर्ज 'टाइप ए'मध्ये जातो. शिक्षण बाहेर झालं असेल पण मुलाचं, वडिलांचं किंवा आईचं डोमिसाइल महाराष्ट्राचं असेल तर 'टाइप बी'. म्हणजे दार बंद नसतं, पण आईचं किंवा वडिलांचं डोमिसाइल हातात असावं लागतं. त्यासाठी दिवाळीत गावी आल्यावरच तहसीलला अर्ज करा, जुलैत तिकडून धावत येऊ नका.

आणखी एक गोष्ट अकरावीलाच ठरते, जी फार थोड्यांना माहीत असते. 'टाइप ए'च्या मुलाचं होम युनिव्हर्सिटी बारावी कुठल्या जिल्ह्यात केली त्यावर ठरतं, गाव कुठलं त्यावर नाही. विट्यात बारावी केली तर शिवाजी विद्यापीठ. लातूरला क्लाससाठी गेला आणि बारावीचा फॉर्म तिथून भरला तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. मग कोल्हापूर-सांगलीच्या ज्या कॉलेजांत होम युनिव्हर्सिटीच्या जागा वेगळ्या आहेत, तिथं तो बाहेरचा धरला जातो. लातूरला पाठवू नका असं मी म्हणत नाही. माहीत असू द्या.

पैशाचं बोलणं आधी, मुलांसमोर

बऱ्याच घरांत फीचं बोलणं मुलांना झोपवून होतं. मग मुलगी आपल्याला परवडणारच नाही असं धरून जवळचं काहीतरी लिहिते, किंवा मुलगा सव्वा लाख फीचं कॉलेज पहिलं लिहितो आणि घरात नंतर रडारड होते. सोळा-सतरा वर्षांचं मूल घराचा हिशोब समजून घेऊ शकतं. वर्षाला आपण किती देऊ शकतो तो आकडा त्याच्यासमोर कागदावर लिहा. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, येण्या-जाण्याचं भाडं, असं वेगवेगळं. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, त्यामुळं तिथला मंजूर आकडा बघा, माहितीपत्रकातला नको.

आणि सवलती. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी शासन भरतं. याच प्रवर्गांतल्या मुलांना शासनाच्या योजनांतून निम्मी मिळते. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. याशिवाय टीएफडब्ल्यूएस म्हणून 5 टक्के जास्तीच्या जागा असतात, त्याही 8 लाखांच्या आतल्यांसाठी, त्यात ट्यूशन फी माफ. टीएफडब्ल्यूएसच्या जागेचा कोड वेगळा असतो, शेवटी 'टी' अक्षर असतं. पात्र असाल तर त्याच कॉलेजच्या त्याच शाखेचा 'टी'वाला कोड वर आणि साधा कोड त्याच्या खाली लिहायचा.

पण शिष्यवृत्ती आणि मुलींची फीमाफी कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतला तरच लागू होते. मे महिन्यातच "मॅनेजमेंटमधून आत्ताच सीट पक्की करा, नंतर मिळणार नाही" असे फोन यायला लागतात. घाबरून पैसे भरलेल्या घरातल्या मुलीला नंतर कॅपमधून तेच कॉलेज, तीच शाखा मिळाली असती असं मी दोनदा बघितलंय. बाप माझ्यासमोर डोकं धरून बसला होता. त्या फोनला "कॅपनंतर बघू" एवढंच उत्तर द्या.

कटऑफची यादी वाचायला मुलालाच शिकवा

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, इथून सुरुवात करावी लागते. 85 पर्सेंटाइल म्हणजे सीईटी, ही इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, दिलेल्या शंभरातली 85 मुलं त्याच्या बरोबरीला किंवा मागं. त्याला 200 पैकी 170 मिळाले असा त्याचा अर्थ नाही. मुलाला बोलण्याआधी हे आईवडिलांनी समजून घ्यावं.

ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षांच्या कटऑफच्या, म्हणजे प्रत्येक शाखेत शेवटचा प्रवेश कुठल्या नंबरवर थांबला त्याच्या, पीडीएफ असतात. पानं शेकड्यांनी असतात, पण वाचायला अवघड नाहीत. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर अक्षरांची जुडी असते. पहिलं अक्षर 'जी' असेल तर सर्वसाधारण, 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी, 'ओ' म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातल्यांसाठी, 'एस' म्हणजे राज्यस्तर. खाली एक मोठा आकडा असतो, तो मेरिट नंबर, आणि कंसात पर्सेंटाइल. मुलीचा फॉर्म असेल तर 'जी' आणि 'एल' दोन्ही रकाने बघायचे. नुसता 'जी' बघून "आपलं होत नाही" म्हणून सोडून दिलेलं कॉलेज कितीदा तरी 'एल'मध्ये बसत होतं.

मी मुलांना एक काम देते. दोनशे पानी वही घ्यायची, वीस-पंचवीस कॉलेज-शाखा निवडायच्या आणि तीन वर्षांचे शेवटचे मेरिट नंबर तिथं हातानं उतरवायचे. पहिल्या फेरीचा वेगळा, शेवटच्या फेरीचा वेगळा. दोन दिवस जातात. पण उतरवता उतरवता मुलाला आपण कुठं बसतो याचा अंदाज येतो, आणि कधीच न ऐकलेली चांगली कॉलेजं सापडतात. मोबाइलवरच्या 'तुम्हाला कुठलं कॉलेज मिळेल' सांगणाऱ्या अ‍ॅपवर बोट दाबून हे होत नाही.

कॉलेज बघायला साध्या वारी जा

यावर मी सगळ्यात जास्त भर देते. गणपतीच्या दर्शनाला आपण पुळ्याला जातो, लग्नाला सोलापूरला जातो, आणि जिथं मूल चार वर्षं काढणार ते कॉलेज प्रवेशाच्या दिवशी पहिल्यांदा बघतो. अकरावीची परीक्षा झाली की एप्रिलात जा. इंजिनिअरिंगची कॉलेजं तेव्हा चालू असतात. मार्च 2023 पासून बायकांना एसटीला अर्धं तिकीट आहे, आई आणि मुलगी दोघी गेल्या तर फार खर्च येत नाही. कऱ्हाडला, सांगलीला, इस्लामपूरला आम्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचो. मंगळवार-बुधवार बघून जा. कॉलेजनं पालकांसाठी ठेवलेल्या दिवशी सगळंच झाडून-पुसून असतं.

थोरलीबरोबर मी पाच ठिकाणी गेले. एका ठिकाणी इमारत काचेची, स्वागताला गृहस्थ, हातात गुळगुळीत माहितीपत्रक, चहा. ते सगळं फिरवून दाखवतो म्हणाले. आम्ही म्हटलं, आधी कँटीनला बसतो. तिथं सेकंड इयरच्या दोन मुली वडापाव खात होत्या. माझ्या पोरीनं स्वतः जाऊन विचारलं, "ताई, प्रॅक्टिकलला एका मशीनवर किती जण असता?" त्यातली एक म्हणाली, "बारा. एकजण करतो, बाकीचे जर्नल उतरवतात." दुसरीनं खालच्या आवाजात सांगितलं की एका विषयाला अर्धं सेमिस्टर शिकवायला कुणी नव्हतंच. माहितीपत्रकात असलं काही छापलेलं नसतं.

म्हणून प्रश्न घरून लिहून न्या आणि मुलालाच विचारू द्या, तुम्ही दोन पावलं मागं थांबा. आई पुढं गेली की विद्यार्थी "चांगलं आहे काकू" म्हणतात आणि विषय संपतो. पहिल्या वर्षी एम-वन, एम-टूमध्ये किती जणांना केटी लागते, म्हणजे विषय राहतो? शिकवायला कायम प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे? लायब्ररी रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते? पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलींना हॉस्टेल मिळतं का, नाही मिळालं तर मुली कुठं राहतात? हॉस्टेलला पाणी किती वेळ येतं? हे शेवटचं बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या मुलीला विचारा, रेक्टरना नको. मग नोटीस बोर्डापुढं उभं राहा आणि हजेरीच्या याद्या, टाइमटेबल, त्यावरच्या तारखा वाचा. दीड वर्षापूर्वीची सूचना अजून लटकत असेल तर तेही बघून ठेवा.

घरी येऊन कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीसाठी, दिलेल्या माहितीची पीडीएफ उघडा. ती बहुधा पानाच्या तळाशी असते. त्यात पहिल्या वर्षी किती मुलं घेतली, त्यातली वेळेत किती पास होऊन बाहेर पडली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढं शिकायला गेली आणि पगाराचा मध्यम आकडा काय, हे वर्षवार असतं. समजा 240 घेतली, वेळेत 150 बाहेर पडली, नोकरी 90 जणांना. मग फ्लेक्सवरचं 'शंभर टक्के प्लेसमेंट' कशाच्या शंभर टक्के हे विचारता येतं. सगळ्यात मोठं पॅकेज एकाचं असतं. मध्यम पगार म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर बरोबर मधल्या मुलाचा. आपलं मूल त्या मधल्या मुलाच्या आसपास असेल असं धरून चाला. ज्या कॉलेजनं ही माहिती दिलेली नाही तिथं हेच आकडे लेखी मागा. नॅक आणि एनबीए ही दर्जाची मानांकनं. नॅक पूर्ण संस्थेचं असतं आणि एनबीए शाखेचं, त्यामुळं 'ए प्लस'ची पाटी बघून थांबू नका, आपल्या शाखेला एनबीए आहे का ते विचारा. एखादी शाखा दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली असेल तर तिथून अजून एकही बॅच बाहेर पडलेली नाही, म्हणजे नोकरीचा आकडा असणारच नाही. सांगितला तर तो दुसऱ्या शाखेचा असतो.

शाखेवरून घरात वाद झाला तर

आमच्या घरात झाला होता. माझ्या मिस्टरांचे साधे यंत्रमाग आहेत. विट्यात घरोघरी आहेत तसेच. आठ वर्षांची असल्यापासून थोरली धोट्यात कांडी भरायची. धागा कुठं तुटतो, का तुटतो, हे ती आवाजावरून सांगायची. सीईटीचा निकाल लागला, पर्सेंटाइल बरा होता, आणि मिस्टर म्हणाले कॉम्प्युटर, पुणे. ती तीन दिवस गप्प. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, मला टेक्स्टाइल करायचंय, इचलकरंजीला, डीकेटीईत.

मिस्टरांनी ताट सरकवलं. "मागाच्या धुळीतनं तू बाहेर पडावी म्हणून मी दोन पाळ्या काढल्या. तू परत मागाकडंच?" त्यांचं दुखणं खरं होतं. मंदीत माग भंगारात काढलेले त्यांनी बघितलेत. आणि पोरीचंही खरं होतं. मी दोघांच्या मधे पडले नाही. एवढंच म्हटलं की आधी तिघं जाऊन बघून येऊ.

गेलो. धागा तपासायच्या प्रयोगशाळेत सूत ओढून त्याची ताकद मोजायचं यंत्र होतं. तिथल्या सरांनी मिस्टरांच्या हातात सुताची लड दिली आणि विचारलं, "तुमच्या मागावर कुठला काउंट चालतो?" त्यांनी सांगितला. मग दोघं अर्धा तास ताण्यावर बोलत राहिले, रंगवलेलं सूत पावसाळ्यात जास्त का तुटतं यावर. पोरगी शेजारी उभी राहून वहीत लिहीत होती. येताना एसटीत मिस्टर खिडकीतून बाहेर बघत बसले होते. तासगाव सोडल्यावर म्हणाले, "तिचं तिला लिहू दे." ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. एम-टू राहिला होता, पुढच्या खेपेला काढला. कॉम्प्युटरला गेली असती तर काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही, पण सुट्टीत घरी आली की आधी मागापाशी जाते आणि बापाला काहीतरी नवीन सांगते.

वाद झाला की मुलाला "का?" विचारा आणि उत्तर संपेपर्यंत बोलू नका. "मित्र जातोय म्हणून" असं उत्तर आलं तर रागावू नका, त्या शाखेच्या चारही वर्षांचे विषय विद्यापीठाच्या सिलॅबसमधून काढून त्याच्यापुढं ठेवा. कॉम्प्युटरच म्हणणाऱ्या मुलाला तिसऱ्या वर्षाचे विषय वाचून दाखवले की चेहऱ्यावर कळतं. आणि 'आत्ता मिळेल ती शाखा घे, पुढच्या वर्षी बदलू' या भरवशावर कुणालाही ढकलू नका. रिकाम्या जागा असल्या तर आणि पहिल्या वर्षाचे गुण वर असले तरच ती मिळते, आणि अशा जागा मोजक्या असतात.

यादी कशी लिहायची

यादीत तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, पण तेवढे भरायचे म्हणून भरू नका. क्रम आवडीचा लावायचा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही. हे मी रोज दहा वेळा सांगते. मिळणार नाही असं वाटणारं पण मनापासून हवं असलेलं कॉलेज वर लिहिल्यानं खालच्याचं काही बिघडत नाही. मशीन वरून खाली बघत येतं, जिथं नंबर लागतो तिथं थांबतं. मात्र जिथं थांबेल ती ओळ आपल्याला चालणारी हवी. म्हणून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मुलाला विचारा, "हेच मिळालं तर जाशील?" मान हलली नाही तर ती ओळ खोडा.

हे आता जास्तच जपावं लागतं, कारण 2025 च्या प्रवेशापासून फेऱ्या चार झाल्या आणि नियम कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला मिळाला की पक्का, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. चौथ्या फेरीत मिळेल तो शेवटचा. म्हणजे 'राहू दे, असंच टाकून बघू' म्हणून पहिल्या ओळीत काही लिहायचे दिवस गेले. त्या वर्षी एका मुलाच्या काकांनी फोनवरून ऐनवेळी पहिली ओळ बदलायला लावली. तीच मिळाली, तिथंच अडकला. तो मुलगा माझ्याकडं येऊन नुसता स्क्रीनकडं बघत उभा राहिला. वरच्या सहा ओळींवर घरात सगळ्यांनी मिळून एक संध्याकाळ काढा. बाकीच्या ओळींना एवढा वेळ दिला नाही तरी चालतं. त्या वर्षीची माहितीपुस्तिकाही मुलानं स्वतः वाचावी, नियम दरवर्षी थोडे हलतात.

वरच्या पर्यायासाठी थांबायचं ठरवलं, म्हणजे बेटरमेंट घेतलं, तर पुढच्या फेरीत वरचं मिळाल्यावर आधीची जागा आपोआप जाते, मागं फिरता येत नाही. म्हणून प्रत्येक फेरीआधी यादी पुन्हा वाचा. हातातल्या जागेपेक्षा खरंच जास्त आवडणारीच नावं तिच्यात वर राहू द्या.

सेंटरवर येताना

मोबाइल नंबर मुलाचा किंवा आईवडिलांचा द्या, सेंटरवाल्याचा नको, माझाही नको. पासवर्ड मुलानं स्वतः टाइप करावा, ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नये. क्लासवाल्यांनी किंवा कुणा एजंटनं लॉगिन स्वतःकडं ठेवून परस्पर यादी भरल्याची प्रकरणं माझ्यापर्यंत आलीत, आणि तेव्हा कुणालाच काही करता येत नाही. यादी भरून झाली की 'कन्फर्म' होईपर्यंत खुर्चीवरून उठू नका. भरलेली पण कन्फर्म न केलेली यादी मशीन धरत नाही. मग प्रिंट काढून मुलाच्या हाताच्या कागदाशी एकेक ओळ, एकेक कोड जुळवून बघा. एकाच कॉलेजच्या दोन शाखांच्या कोडमध्ये एखाद्याच आकड्याचा फरक असतो.

शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ चालत नाही, विट्याची लाईट जाते, आणि माझ्या दारात तीस पोरं उभी असतात.

जागा मिळाली की रिपोर्टिंगला मुलासोबत जा, पण काउंटरवर त्यालाच पुढं होऊ द्या. शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथं जमा होतो आणि लगेच परत मिळत नाही. महाडीबीटीच्या, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, अर्जाला, बसच्या पासला, बँकेत, सगळीकडं नंतर तोच लागतो. जाण्याआधी त्याच्या दहा झेरॉक्स काढा आणि एक स्वच्छ स्कॅन मुलाच्या मेलवर ठेवा. महाडीबीटीचा अर्ज त्याच महिन्यात भरा, बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते आधी बघा, आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल करायची तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मी रविवारीही सकाळी दहा ते एक सेंटर उघडं ठेवते.